समाजातील उलथापालथ आणि विद्यार्थ्यांची व्यावसायिक ओळख : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातील डिचोली, सत्तरी, सांगे आणि केपे या तालुक्यांतील पालक, शिक्षक आणि नववी ते बारावीचे विद्यार्थी गेली काही वर्षे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत आहेत, ते येथे एकत्र केले आहेत. प्रश्नांची भाषा शक्य तितकी विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. एखाद्या मुद्द्याचे उत्तर दुसरीकडे आले असल्यास तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. व्यावसायिक ओळख म्हणजे शेवटी नोकरीची निवडच ना?

नाही. निवड एका दिवशी, प्रवेशअर्ज भरताना होते. ओळख त्याआधी कित्येक वर्षे घडत आलेली असते. मला काय जमते, माझ्यासारख्या घरातील माणसाला काय शोभते, कोणत्या कामाला चार लोकांत मान आहे आणि कोणते काम माझ्या वाट्याला कधीच येणार नाही, याविषयी मुलाच्या मनात जे चित्र तयार होते, त्याला व्यावसायिक ओळख म्हणतात. माणूस व्यवसाय निवडतो तेव्हा तो स्वतःविषयीची कल्पनाच प्रत्यक्षात आणू पाहत असतो, असे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड सुपर यांनी १९५० च्या दशकात मांडले. आपल्याकडे ते समजायला फारसे कठीण जाऊ नये. गावातील वडीलधारी माणसे अनोळखी मुलाला आजही ‘तूं कोणालो?’ (तू कोणाचा?) असे विचारतात आणि मूल उत्तरात वडिलांचे नाव, वाडा आणि बहुतेक वेळा वडिलांचे काम सांगते. स्वतःचे काम ठरेपर्यंत मुलाची ओळख ही घराची ओळख असते, म्हणूनच घराचे काम डळमळले की मुलाचे उत्तरही डळमळते.

२. कोणत्या घटनेला उलथापालथ म्हणायचे? दरवर्षी काही ना काही होतच असते.

ज्या घटनेनंतर घरातील मोठ्या माणसांचे अनुभव मुलांच्या उपयोगी पडेनासे होतात, ती उलथापालथ. एक वर्ष पीक बुडाले तर आजोबांना त्यावरचा उपाय ठाऊक असतो. साळावली धरणाच्या पाण्याखाली कुर्डी गाव गेले आणि माणसे वाडे व वालकिणी या ठिकाणी वसवली गेली, तेव्हा आजोबांकडे तसा उपाय नव्हता. या कसोटीवर पोर्तुगीज राजवटीतून १९६१ ची मुक्ती, कूळकायद्याच्या १९७६ च्या दुरुस्तीने कुळांना मिळालेला जमिनीचा हक्क, ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतल्यावर आखातातून परतलेली कुटुंबे, खाणबंदी (प्रश्न ५) आणि कोविडची टाळेबंदी या सगळ्या उलथापालथीच ठरतात. सरकार बदलणे सहसा ठरत नाही.

३. उलथापालथीने मुलांचे नुकसानच होते, असे समजावे का?

असे समजणे गोव्याच्या इतिहासाला धरून होणार नाही. मुक्तीपूर्वी येथे सर्वसाधारण पदवीचे एकही महाविद्यालय नव्हते. पणजीत १८४२ पासून वैद्यकीय विद्यालय होते, पोर्तुगीज माध्यमाचे लिसेव, म्हणजे माध्यमिक विद्यालय, होते, काही खासगी इंग्रजी शाळा मुंबईच्या मॅट्रिकची तयारी करून घेत, आणि गावोगावच्या मराठी शाळा लोकांच्या वर्गणीवर व शिक्षकांच्या चिकाटीवर उभ्या होत्या. पदवीसाठी धारवाड, बेळगाव, पुणे किंवा मुंबई गाठावी लागे, म्हणजे ज्याच्या घरी बागायत होती किंवा मुंबईला नातेवाईक होते तोच शिके. १९६२ मध्ये पणजीला आणि मडगावला महाविद्यालये निघाली. १९६३ मध्ये पहिले मुख्यमंत्री झालेल्या दयानंद बांदोडकर यांच्या काळात खेडोपाडी प्राथमिक शाळा उघडल्या, त्यांतील बहुसंख्य मराठी होत्या. १९६७ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय आणि १९८५ मध्ये विद्यापीठ आले.

या क्रमात शिक्षकाच्या पेशाला विशेष स्थान आहे. कुळाच्या घरातील मुलाने आयुष्यात प्रथमच आपल्यासारख्याच घरातून आलेला, पगार घेणारा, गावात मान असलेला माणूस पाहिला, आणि तो बहुधा प्राथमिक शिक्षक होता. त्या पिढीतील इतके लोक शिक्षक का झाले, याचे कारण केवळ नोकऱ्या उपलब्ध होत्या एवढेच नाही. दुसरे कोणते काम आपल्यासाठी असू शकते हे दाखवणारे माणूस त्यांच्या नजरेच्या टप्प्यात नव्हते. म्हणजे उलथापालथीने दार उघडले, पण त्या दारातून दिसला तो एकच रस्ता. आजच्या पालकांपैकी अनेकांना ‘मास्तर किंवा सरकारी कारकून’ यापलीकडचे काम खरे काम वाटत नाही, त्याचे मूळ मला तेथेच दिसते.

४. कोणत्या वयाच्या मुलांवर याचा परिणाम सर्वांत जास्त होतो?

याचे सर्वांत चांगले उत्तर समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डर यांनी १९३० च्या दशकातील अमेरिकी महामंदीत वाढलेल्या मुलांच्या अभ्यासातून दिले आहे. १९२०-२१ मध्ये जन्मलेली मुले मंदीच्या काळात पौगंडावस्थेत होती. घरची मिळकत बुडालेल्यांपैकी अनेक मुलगे किरकोळ कामे करून घराला हातभार लावू लागले, आणि आपल्याला काय करायचे आहे याविषयी ते तुलनेने लवकर स्पष्ट झाले. १९२८-२९ मध्ये जन्मलेली मुले मात्र तेव्हा अगदी लहान होती. त्यांना घरातील ताण सोसावा लागला, पण हातभार लावून त्यावर काही उपाय करणे शक्य नव्हते, आणि त्यांच्यातील मुलग्यांना त्याची झळ अधिक बसली. तात्पर्य असे की वय जितके कोवळे, तितकी घरातील भांडणे आणि गप्प बसणे यांचीच आठवण राहते. वय थोडे मोठे असेल आणि मुलाला झेपेल असे काही काम दिले गेले असेल, तर तीच घटना त्याला घडवतेही. ‘मुलांना यातले काही कळू देऊ नका’ हा सल्ला म्हणून मला पटत नाही. मुलांना कळतेच, फक्त त्यांच्या वाट्याला करण्यासारखे काही उरत नाही.

५. आमचे ट्रक खाणीवर होते. आता बारावीतला मुलगा म्हणतो की मला फक्त सरकारी नोकरी करायची आहे. ही त्याची आवड की भीती?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो, म्हणून उत्तर सविस्तर देत आहे.

प्रथम काय घडले ते क्रमाने मांडले पाहिजे, कारण मुलाच्या मनात ते एकच घटना म्हणून साठलेले असते. २०१०-११ मध्ये गोव्याच्या बंदरांतून पाच कोटी टनांहून अधिक लोहखनिज बाहेर गेले आणि त्या भरात असंख्य कुटुंबांनी कर्ज काढून ट्रक घेतले. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले. एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली, काम पुन्हा सुरू झाले. पण ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चच्या मध्यापासून काम पुन्हा बंद पडले. पहिल्या बंदीने घराची मिळकत गेली. दुसऱ्या बंदीने त्याहून मोठी गोष्ट नेली : सुरू झालेले टिकेल, हा विश्वास. ज्यांनी दारातले ट्रक एकदा गंजताना पाहिले, मग धुऊन पुन्हा रस्त्यावर आलेले पाहिले आणि नंतर पुन्हा गंजताना पाहिले, त्या मुलांशी बोलताना हा फरक स्पष्ट जाणवतो.

आता आवड की भीती. जेम्स मार्सिया या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये किशोरांच्या ओळखीच्या चार अवस्था सांगितल्या. त्यांतील एका अवस्थेत मूल काहीही न धुंडाळता थेट निर्णयावर येऊन बसते. बाहेरून असे मूल अत्यंत ठाम आणि समंजस दिसते, त्यामुळे पालक व शिक्षक निश्चिंत होतात. ओळखण्याची साधी रीत अशी : कोणत्या खात्यात, कोणत्या पदावर, आणि त्या पदावरचा माणूस सकाळी साडेनऊपासून संध्याकाळपर्यंत काय करतो, हे त्याला विचारावे. माझ्यासमोर बसलेल्या एका विद्यार्थ्याला खाते सांगता आले नाही; न्यायालयाच्या एका आदेशाने जे बंद पडत नाही ते कोणतेही काम चालेल, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. ही आवड नव्हे.

मात्र ती भीती खोटी आहे असेही समजू नये, आणि ‘घाबरू नकोस’ असे तर मुळीच सांगू नये. त्याने जे पाहिले ते खरे आहे. उपयोगाची गोष्ट ही की भीतीचे रूपांतर अटींत करावे. या घराला नेमके कशाने बुडवले? खासगी कामाने नव्हे, तर मोठ्या कर्जाने आणि एकाच धंद्यावर सगळा भार टाकल्याने. तेव्हा अटी दोन : डोक्यावर कर्ज नको, आणि हातातले कौशल्य एकाच गिऱ्हाइकावर किंवा एकाच उद्योगावर अवलंबून नको. या दोन अटींत सरकारी नोकरी बसते हे खरे, पण परिचारिकेचे काम, वीजतंत्रीचे काम, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाचे काम, हिशेबनीसाचे काम हेही बसते. टाळायचा धोका कोणता हे घर ठरवू शकते. करायचे काम कोणते हे मुलाचे त्याने ठरवायचे असते. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या की घराच्या भीतीलाच मूल स्वतःची आवड समजू लागते.

६. म्हणजे सरकारी नोकरीची तयारी करू नये असे तुमचे म्हणणे आहे का?

नाही. वरील कसोटीवर उतरणारे मूल जरूर तयारी करो. फक्त तयारीला मुदत घालावी आणि सोबत दुसरे एखादे शिक्षण चालू ठेवावे. हताश घरे सापळ्यात सहज अडकतात, म्हणून एक सावधगिरी : २०२४ च्या अखेरीस गोव्यात सरकारी नोकरीचे आमिष दाखवून पैसे उकळल्याच्या ज्या तक्रारी पुढे आल्या, त्या सर्वांनी वाचल्याच असतील.

७. मुलींवर होणारा परिणाम वेगळा असतो का?

असतो. एल्डर यांच्या अभ्यासात (प्रश्न ४) मिळकत बुडालेल्या घरांतील मुलगे बाहेरच्या कामाला लागले आणि मुली घरकामाला जुंपल्या गेल्या, कारण आई मिळकतीसाठी बाहेर पडली होती. येथेही वडिलांचे काम सुटल्यावर आई काजू कारखान्यात, दुकानात किंवा स्वयंसाहाय्य गटात जाते आणि भावंडांचा डबा थोरल्या मुलीकडे येतो. अभ्यासाचा वेळ कमी होतो, हे कोणाच्याही लक्षात येते. मात्र त्याच वेळी ती मुलगी आईला प्रथमच कमावताना, बँकेत सही करताना पाहत असते, आणि ते चित्र तिच्या मनातून पुसले जात नाही. मुलींसाठी कोणती कामे ‘असतात’ याची मर्यादा फार लहान वयात, सहा ते आठ वर्षांच्या सुमारास पडते, असे लिंडा गॉटफ्रेडसन यांनी मांडले आहे. ती मर्यादा मोडायला भाषण पुरत नाही, आई पुरते. शाळेने एवढे पाहावे की घरकाम वाढलेल्या मुलीला ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शेरा मिळणार नाही.

८. आमची २०२१ ची बॅच. परीक्षाच झाली नाही, त्यामुळे आपण खरे पास नाही असे वाटत राहते. हे नेहमीचेच राहणार का?

त्या वर्षी गोवा शालान्त मंडळाने दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा रद्द करून अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लावले. त्याच्या आदल्या वर्षी दहावीची परीक्षा मात्र मे-जूनमध्ये, मुखपट्ट्या लावून झाली होती. त्यामुळे एक वर्ष आधीच्यांनी ‘आम्ही तरी दिली’ असे म्हणायचे, ही तुलना गोव्यात जास्त बोचली. परीक्षा हा आपल्याकडे संस्कारविधीसारखा प्रकार आहे. तो चुकला की पुढच्या पायरीवर पाय ठेवण्याचा अधिकार मिळाला नाही असे वाटते.

ही भावना टिकून राहते ती पुढे कोणतीच कसोटी दिली गेली नाही तर. ज्यांनी नंतर प्रवेशपरीक्षा दिली, कारखान्यात उमेदवारी केली किंवा बोटीवर जाण्याआधीचे प्रशिक्षण पूर्ण केले, त्यांच्याकडून ही तक्रार फारशी ऐकू येत नाही. पैशाच्या बाजूने विचाराल, तर मंदीत पदवी घेऊन बाहेर पडलेल्या कॅनडातील तरुणांच्या अभ्यासात सुरुवातीची मिळकत सुमारे ९ टक्क्यांनी कमी आढळली आणि ती तूट साधारण दहा वर्षांत भरून निघाली. ती लवकर भरून निघण्याचे एक मोठे कारण म्हणजे त्यांनी पहिली हलकी नोकरी सोडून अधिक चांगल्या ठिकाणी जाण्याची तयारी ठेवली. पहिल्या नोकरीला चिकटून बसणे हा निष्ठेचा नव्हे, धास्तीचा भाग असू शकतो.

९. घरातले सगळे पोर्तुगीज पासपोर्ट काढून बाहेर जायच्या तयारीत आहेत. मग मी इथे शिकून काय करू?

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढील दोन पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग उपलब्ध आहे, आणि त्यामुळे मुलाच्या डोळ्यांसमोर कामाऐवजी देशच येतो : ‘काय होणार?’ या प्रश्नाचे उत्तर ‘यूकेला जाणार’ असे मिळते. ते ठिकाण आहे, व्यवसाय नव्हे. शिवाय ठिकाणांचे नियमही उलथतात. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतर, १ जानेवारी २०२१ पासून, नव्याने जाणाऱ्या पोर्तुगीज पासपोर्टधारकाला तेथे काम करण्याचा आपोआप हक्क राहिलेला नाही. पोर्तुगीज नागरिकत्व घेतल्यावर भारतीय नागरिकत्व राहत नाही, त्यामुळे येथील सरकारी नोकरीचा विचारही सोडावा लागतो. बाहेर जाणाऱ्यानेच अधिक शिकून जावे. हातात कौशल्य नसलेला माणूस गोदामात पेट्या उचलतो, मग ते गोदाम कोणत्याही देशात असो. आखातात किंवा बोटीवर जाऊ पाहणाऱ्यांनाही हेच लागू पडते.

१०. मराठी माध्यमातून शिकल्यामुळे आपण मागे पडलो, असे मुलाला वाटते. भाषावादाचा करिअरशी खरेच संबंध आहे का?

संबंध आहे, पण लोक समजतात तो नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणीला राजभाषेचा दर्जा दिला आणि मराठीचा शासकीय वापर चालू ठेवला. १९९० मध्ये प्राथमिक शाळांचे अनुदान प्रादेशिक भाषांपुरते ठरले आणि २०११ मध्ये ते इंग्रजीलाही खुले केल्यावर पुन्हा आंदोलन पेटले. या सगळ्या वादात मोठी माणसे एकमेकांशी भांडत होती, आणि मुले बाजूला बसून एवढेच शिकत होती की त्यांच्या शाळेची भाषा ही एक अडचण आहे. ज्या पालकांनी भाषेसाठी मोर्चे काढले त्यांतील काहींनीच आपली नातवंडे इंग्रजी शाळेत घातली. मुलांनी मोर्चा ऐकला नाही, प्रवेश पाहिला.

व्यवहारात सांगायचे तर सरकारी पदांसाठी कोंकणीचे ज्ञान मागितले जाते आणि मराठीचे असल्यास उत्तम मानले जाते; येथील मराठी शाळेतल्या मुलाला दोन्ही अवगत असतात. त्याला कमी पडते ते इंग्रजीतून बोलण्याचा सराव. तो उणेपणा वर्ष-दोन वर्षांच्या कष्टाचा आहे, कुवतीचा नाही, हे त्याला स्पष्टपणे सांगणारे कोणीतरी दहावीच्या आत भेटले पाहिजे.

११. मुलगी गावच्या आंदोलनात उतरली आहे. तिच्या भवितव्याचे नुकसान होईल का?

जानेवारी २०२१ मध्ये सत्तरीतील शेळ-मेळावली येथे आयआयटीच्या जागेविरुद्ध गाव उभे राहिले आणि सरकारने ती जागा सोडली. त्यानंतर हा प्रश्न वाढला, आणि त्यातील पेच खरोखर विलक्षण आहे : ज्या संस्थेत आपले मूल शिकावे असे कोणत्याही पालकाला वाटेल, तीच संस्था काजूच्या बागायतीवर येणार म्हणून मुलीची आजी रस्त्यावर बसली होती. अशा घरातील मुलीने विज्ञान शाखेचा अर्ज भरावा की नाही, याविषयी तिच्या मनात अपराधी भावना असू शकते. ती उघड बोलून दाखवली गेली पाहिजे. जागेला विरोध करणे म्हणजे शिक्षणाला विरोध करणे नव्हे, हे आजीच्या तोंडून आले तर सर्वांत चांगले.

नुकसानाविषयी : केवळ सहभागाने काही बिघडत नाही. पोलीस गुन्हा नोंदवला गेला तर पासपोर्ट आणि सरकारी नोकरीच्या पडताळणीत तो सांगावा लागतो, म्हणून वकिलाचा सल्ला वेळीच घ्यावा आणि काहीही लपवू नये. दुसऱ्या पारड्यात हेही टाकावे की सभेत बोलणे, निवेदन लिहिणे, कायद्याचे कागद वाचणे हे ती महिनाभरात शिकते. १९७८-७९ मध्ये बसभाड्यातील पन्नास टक्के सवलतीसाठी लढलेल्या गोव्यातील विद्यार्थ्यांपैकी काही जण पुढे वकिलीत आणि अध्यापनात नाव मिळवून गेले.

१२. अशा अस्थिर काळात कलचाचणीवर विश्वास ठेवावा का?

मर्यादितच. मुलाने जे पाहिले आहे, त्यातले काय आवडते एवढेच चाचणी सांगते. जत्रेच्या नाटकाची प्रकाशयोजना तीन वर्षे सांभाळणाऱ्या मुलाला चाचणीतला एकही प्रश्न त्याविषयी विचारत नाही. चाचणीआधी मुलाकडून तीन पिढ्यांचा तक्ता करून घ्यावा : आजी-आजोबा, आई-वडील, काका-मामा-आत्या-मावश्या, प्रत्येकाचे पहिले काम कोणते, नंतरचे कोणते आणि मध्ये काय घडले. ‘कूळ, मग शिक्षक, मग ट्रकमालक, मग काहीच नाही’ असा कागद समोर आला की मुलाला प्रथमच दिसते, की घरात काम बदलणे ही नवलाची गोष्ट नाही.

१३. समुपदेशकाकडे केव्हा न्यावे?

निर्णय होत नाही एवढ्यावरून नेण्याची घाई नको. सोळाव्या वर्षी न ठरणे हे स्वाभाविक आहे. झोप आणि जेवण बिघडले, शाळेत जाणे थांबले, किंवा आपल्यावर घराचा खर्च वाया जातो आहे असे मूल बोलू लागले, तर थांबू नये. शाळेतील समुपदेशक हा पहिला टप्पा. रात्री-अपरात्री शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे.

१४. सगळे उलटे झाले आहे. खाण बुडाली तरी माझा मुलगा खाणीतच काम करायचे म्हणतो. त्याला अडवू का?

ही उलट बाजू कमी आढळते, पण प्रश्न ५ मधील कसोटी येथेही लागू आहे, कारण कोसळलेल्या धंद्याला चिकटणे हीसुद्धा घराचीच भावना असू शकते. रापणकारांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढून मासे पकडणाऱ्यांच्या, घरांत हे पूर्वी घडले आहे : यांत्रिक ट्रॉलर आल्यावर ज्यांची रापण ओस पडली, त्यांच्यातील काही मुलगे इरेला पेटून समुद्रावरच राहिले. त्याला काम हवे आहे की वडिलांचा गेलेला मान परत हवा आहे, हे शोधावे. दोन्ही इच्छा चांगल्या आहेत, पण दुसरीसाठी खाणीतच गेले पाहिजे असे नाही.

काम हवे असेल, तर खाण म्हणजे केवळ ट्रक नव्हे, हे त्याला दाखवावे. भूगर्भशास्त्र, सर्वेक्षण, भूजल, खचलेल्या जमिनीची आणि साठलेल्या मातीच्या ढिगांची निगा ही कामे खाण चालू असताना लागतात आणि बंद असताना अधिकच लागतात. २०२२ च्या अखेरीपासून खाणपट्ट्यांचे लिलाव होऊ लागले आहेत. त्यातून काय निघेल यावर मुलाचे शिक्षण टांगू नये, पण त्या बातम्या त्याच्यापासून लपवूही नयेत. मे महिन्याच्या सुट्टीत त्याला गावातील एखाद्या जुन्या फोरमनकडे किंवा सर्वेक्षकाकडे आठवडाभर पाठवावे, आणि तेथे वडिलांनी सोबत जाऊ नये. परत आल्यावरही तो तेच म्हणत असेल, तर अर्ज भरू द्यावा.